कॉपीऐवजी कट

कार्ड रीडर हाताला चटका बसेल इतका तापला होता, खरं तर तेव्हाच मी थांबायला हवं होतं. पण समोर नवरीचा भाऊ बसलेला. आदल्या दिवशीच्या हळदीचे फोटो त्याला संध्याकाळी लग्नात पडद्यावर दाखवायचे होते. औरंगपुऱ्यातल्या आमच्या स्टुडिओत मी एकटीच. कॅमेऱ्याला केबल लावली तर कॉम्प्युटर म्हणतोय, दोन तास!

"ताई, लई टाइम लागंल का?"

त्याच्या आवाजानंच मी दचकले. कॅमेऱ्यातलं कार्ड काढून रीडरमध्ये घातलं. नंतर कार्ड रिकामं करायचंच असतं, मग कॉपी कशाला, सरळ कट करू, असं वाटलं. फोटो खरंच भराभर यायला लागले आणि मध्येच सगळं थांबलं. बघते तर कॉम्प्युटरवर नुसता मांडव आणि दारातल्या चपला. कार्ड कोरं.

"झालं का?"

"होतंय," मी म्हणाले. हळद काय पुन्हा लावता येते?

आमचे मालक शकीलभाई दुसरा कॅमेरा घेऊन पिशोरला लग्नात. बाहेर जिन्यात उभी राहून सहा वेळा फोन लावला. सातव्यांदा उचलला. मागे बँड वाजत होता. माझ्या तोंडून फक्त "शकीलभाई..." एवढंच निघालं.

"कट करी ना तू? मेरेकू मालूम था! रडू नको. त्या कॅमेऱ्यात दोन कार्डं असतात, दोन्हींवर तेच फोटो. दुसरं अजून आतच आहे. पण तू हात लावू नको. नवरीचा भाऊ आला असेल ना, त्याला काढायला सांग."