वॉर्डसाठी चॉकलेट

…आणि वर ताई म्हणते काय, “हे बघ, काहीतरी साधंसुधं उचलून नेऊ नकोस हं! चांगलं ने!” आता चांगलं म्हणजे कुठलं, हे मला कोण सांगणार? तुम्हाला सांगतो, माणसाला कुठेही पाठवावं, पण चॉकलेट आणायला पाठवू नये. पोराबाळांसाठी असतं तर गोष्ट वेगळी, दिसेल ते उचलायचं आणि सुटायचं! पण हे कुणासाठी? तर हॉस्पिटलातल्या सिस्टरांसाठी. आमचे बाबा त्या वॉर्डात होते ना… गेले. मागच्याच आठवड्यात. नाही नाही, असे चेहरे करू नका, वय झालं होतं, सगळं व्यवस्थित झालं, म्हणजे… व्यवस्थितच म्हणायचं. फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. ऐकलं, “बरं” म्हटलं, फोन ठेवला आणि राहिलेला गाल पूर्ण केला. मला काही वाटलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, हा काय माणूस आहे! आमची ही पण तेच म्हणाली. म्हणजे आधी बोलली नाही, बघितलं नुसतं. मग म्हणाली, “तुम्हाला रडावंसं वाटत नाही का हो?” मी म्हटलं, “वाटेल तेव्हा सांगतो.” तिकडे ताई परगावी, फोनवर दोघांच्या वाटचं रडून घेत होती. रडून झालं की कामं सांगायची. हे चॉकलेटचं काम त्यातलंच. “अरे, त्या पोरींनी बाबांचं इतकं केलं, त्यांचे आभार मानायला नकोत का?” मानायला हवेत! कोण नाही म्हणतंय? म्हणून गेलो बाजारातल्या त्या मोठ्या दुकानात.

तुम्ही कधी चॉकलेटच्या कपाटासमोर नीट उभे राहिलायत का? नका राहू! भिंतभर कपाट. तळाचा कप्पा बघायचा तर उकिडवं बसावं लागतं, आणि माझे गुडघे म्हणजे… जाऊ दे. तिथे चमचमीत कागद, उशीएवढ्या पिशव्या, वर दात काढून हसणारा ससा. स्वस्त! मी म्हटलं, झालं आपलं काम. चष्मा कपाळावर सरकवून वाचतो तर मागे मुंगीच्या अक्षरात काय लिहिलंय? ‘चॉकलेटच्या चवीची मिठाई’! म्हणजे चॉकलेट नव्हेच, चॉकलेटचा लांबचा नातेवाईक! मधल्या कप्प्यात आपली नेहमीची. बदामाचं, मनुकांचं, साधं. जे तुम्ही खाता, मी खातो, रडणाऱ्या पोराच्या तोंडात कोंबतात, ते. आणि त्याच्या वर, मान मागे टाकून बघायचं, तिथे टक्के! सत्तर टक्के, पंच्याऐंशी टक्के, एकावर तर नव्व्याण्णव! आम्हाला शाळेत एवढे टक्के कधी पडले नाहीत हो! दुकानातल्या माणसाला विचारलं, “हे टक्के कसले?”

“जितके टक्के जास्त तितकं कडू, साहेब.”

“आणि महाग?”

“तेवढंच महाग.”

“म्हणजे कडू खायचे जास्त पैसे?”

तो शांतपणे म्हणाला, “गोड स्वस्तच असतं, साहेब.” आणि गेला निघून साबणाच्या रांगेकडे!

तेवढ्यात ताईचा व्हिडिओ कॉल. “दाखव बघू काय काय आहे!” मी फोन फिरवतोय, खाली, मध्ये, वर… मागे ताटकळलेली माणसं चुकचुकतायत. तळाचा कप्पा दिसल्यावर ताई किंचाळली, “शी! बाबांची एवढीच किंमत का?” मी मधलं दाखवलं. “हे कुणीही नेतं रे!” वरचं दाखवलं. “कडू? गेलेल्या माणसाच्या नावाने कडू वाटणार?” आता मी काय करू, सांगा! तिने ‘किंमत’ म्हटल्यापासून मला त्या कपाटात बाबाच दिसायला लागले. खाली स्वस्त बाबा, मध्ये सगळ्यांसारखे बाबा, वर न परवडणारे बाबा. आणि मी तिथे फोन धरून उभा. मला काही वाटलं का? छे! पायाला मुंग्या आल्या, तेवढंच.

शेवटी ताईनेच निकाल लावला. “त्या चौकात चॉकलेटचं खास दुकान आहे बघ, तिथे जा.” गेलो. दुकान कसलं, सोनाराची पेढी! आत गारठा. काचेखाली मोजकी चॉकलेटं, एकमेकांशी भांडल्यासारखी लांब लांब ठेवलेली. एक मुलगी, हातात पांढरे मोजे, चेहऱ्यावर कायमचं हसू. “या सर! काय प्रसंग आहे?”

मी म्हटलं, “वडील वारले.”

तिचं हसू जागच्या जागी अडकलं हो! पुसताही येईना, ठेवताही येईना. दोन-तीनदा पापण्या मिटल्या आणि म्हणाली, “ओह… मग डार्कच बघू या.” एक कपचा चिमट्याने माझ्या तळहातावर ठेवला. “चावू नका हं सर. डोळे मिटा. विरघळू द्या. आधी धूर जाणवेल… मग ओलं लाकूड… आणि शेवटी हलकंसं चामडं.”

धूर, लाकूड, चामडं! मी म्हटलं, “अहो, हे चॉकलेट आहे की आग लागलेलं चपलांचं दुकान?” पण मिटले डोळे. गुपचूप उभा राहिलो, तिथे गारठ्यात, अनोळखी मुलीसमोर, जिभेवर कपचा घेऊन. ती हळूच विचारते, “काय जाणवलं?” खरं तेच सांगितलं, मला काही वाटलं नाही. तर म्हणते, “होतं असं. जीभ तयार व्हायला वेळ लागतो.” म्हटलं बाई, मग सगळाच माणूस तयार व्हायला लागत असेल.

घेतला डबा. काळा, वर रेशमी रिबीन, आत एकेका चॉकलेटला वेगळी खोली, खाली गादी. आमचे बाबा जनरल वॉर्डात, शेजारच्याचं घोरणं ऐकत पडलेले, आणि हे चॉकलेट स्वतंत्र खोलीत! बिल बघितलं आणि खिशात घातलं. दुसऱ्यांदा बघितलं नाही.

हॉस्पिटलात गेलो. तीच लिफ्ट, तोच फिनेलचा वास. रोज संध्याकाळी ऑफिस सुटलं की बाबांचा जेवणाचा डबा घेऊन तिथे जायचो, त्यामुळे पाय आपोआप त्या खाटेकडे वळले. खाटेवर दुसरेच कुणी गृहस्थ, पेपर वाचतायत. “कोण हवंय?” म्हणाले. म्हटलं, “कुणी नाही.” आणि खरंच सांगतो, मला काही वाटलं नाही. चादर बदलली होती, एवढं दिसलं.

मोठ्या सिस्टर ओळखीच्या. ठणठणीत बाई, आवाज असा की पेशंट झोपेतून उठून गोळी घेईल! डबा हातात दिला, ताईने पाठ करून घेतलेलं वाक्य म्हटलं. त्यांनी डबा घेतला, भिंतीतलं कपाट उघडलं… आणि काय सांगू! वरपासून खालपर्यंत चॉकलेटंच! ससा होता, बदामवालं होतं, टक्केवाली होती, रिबिनींचे तर किती! मी म्हटलं, “हे सगळं…?”

“सगळे आणतात हो दादा. पेशंट बरा होऊन घरी गेला की घाईघाईत नेहमीचं आणतात. ही रिबीनवाली आणतात ना, त्यांचं माणूस गेलेलं असतं.” असं म्हणून आमचा डबा त्या रिबिनींच्या चळतीवर ठेवला आणि एकदम हसल्या. “पण हे तुमच्या बाबांना अज्जिबात आवडायचं नाही. साबण म्हणायचे!”

“कोण? आमचे बाबा?”

“मग! वॉर्डातला प्रत्येक डबा आधी त्यांच्याकडे जायचा. आम्ही सगळ्या भोवती उभ्या. आजोबा चाखणार, मान हलवणार आणि सांगणार, हे बरंय, हे साबण, हे डॉक्टरांना द्या!”

“अहो, पण त्यांनी तर अन्न सोडलं होतं! मी रोज डबा आणायचो, झाकण उघडायचे आणि म्हणायचे, भूक नाही रे…”

“कुठून असणार भूक? दुपारभर चॉकलेट खाऊन!”

तुम्हाला सांगतो, मी स्टूल ओढून बसलो. इथे आम्ही काळजीने अर्धे, तिकडे ताई फोनवर ‘बाबांनी अन्न सोडलं रे’ म्हणून टाहो फोडतेय, आणि बाबा पोटभर चॉकलेट खाऊन पडलेत! मी म्हटलं, “पण त्यांना साखर…”

“डॉक्टरांनी सांगितलं होतं ना, आता जे मागतील ते द्या.”

“मला नाही सांगितलं!”

“तुमच्यासमोरच सांगितलं, दादा. मी होते तिथे. तुम्ही मान हलवलीत आणि विचारलंत, पार्किंगची पावती कुठे दाखवायची.”

विचारलं असेल. पावती दाखवावी लागतेच ना.

सिस्टर आपल्या रंगातच. “बदामवालं सगळ्यात आवडतं! पण कवळी ना, बदाम चावायचे नाहीत. मग चॉकलेट चोखून घ्यायचे आणि बदाम एकेक वाटीत काढून ठेवायचे.”

“थांबा,” म्हटलं. “वाटीत? उशाजवळच्या? स्टीलच्या?”

“हो. का हो?”

का हो म्हणजे! अहो, रोज संध्याकाळी त्या वाटीतले बदाम मी खात होतो! मला वाटायचं, हॉस्पिटलवाले पौष्टिक म्हणून देतात, बाबा टाकून देतायत, वाया कशाला घालवा! आणि बाबा बघायचे की माझ्याकडे! टक लावून! एकदा तर वाटी स्वतः पुढे सरकवली, म्हणाले, “घे, घे, अजून आहेत.”

सिस्टर भिंतीला धरून हसल्या. दोन पोरी धावत आल्या, त्यांना सांगितलं, त्याही हसल्या. मीही हसलो, हसायचं असतं म्हणून. मग डोळे पुसत सिस्टर म्हणाल्या, “आम्हाला सांगून ठेवलं होतं त्यांनी, पोराला यातलं कळू देऊ नका. दिवसभर राबून डबा घेऊन येतो, त्याला वाईट वाटेल.”

मला… काही नाही. उठलो. निघताना त्यांनी बदामवालं एक माझ्या हातात कोंबलं, “तारीख संपत आलीय, खाऊन टाका.”

गाडी त्या दिवशी आणली नव्हती, बसस्टॉपवर बसलो. बस येईना. कागद फाडला आणि एक मोठा तुकडा तोडून तोंडात टाकला. चोखलाबिखला नाही, चावला. बदाम आला दाढेखाली आणि कडकन आवाज! आधी वाटलं बदाम फुटला. बदाम कसला, दाढ! अशी कळ गेली मस्तकात, अशी कळ… डोळ्यांतून घळाघळा पाणी! शेजारची बाई म्हणते, “काय झालं हो?” मी गाल धरून म्हटलं, “वडील गेले.” तिने पर्समधून रुमाल काढून दिला. बस आली, गेली. मी आपला बसलोय, दाढ धरून, तोंडात अर्धा बदाम, आणि पाणी काही थांबत नाही.

दुसऱ्या दिवशी दातांच्या डॉक्टरकडे. चकचकीत खुर्ची, तोंडावर दिवा. बघितलं, म्हणाले, “काढावी लागेल. आधी बधिर करतो.”

मी म्हटलं, “डॉक्टर, थोडं थांबता का? आठवडाभरात एवढं एकच दुखलंय. आज एक दिवस राहू द्या की.”

ते समजुतीने म्हणाले, “काका, घाबरू नका. त्या इंजेक्शनचे वेगळे पैसे नाहीत. पॅकेजमध्येच आहे.”

मग काय… आ केला.