पठारावरचा पाणवठा

नारायणगावच्या दवाखान्यात रुक्साना नंबराची वाट बघत बसली होती. शेजारच्या बाकावर आणे पठारावरचं म्हातारं जोडपं बोलत होतं.

"आठ दिस मी हितं न्हाई राहायचो. हरणांच्या पाणवठ्यात पाणी कोण वतंल?"

"रिसॉर्टवाल्यांना सांगा. त्येंचं पावणं तिथंच फोटू काढत्यात."

"ते शनवार-रविवारचं. हरणांना तहान रोज लागती, गोजरे."

"आज ऑपरेशन न्हाई केलं तर तुमचा पाय जाईल, म्हणलं डॉक्टर."

"बहात्तरच्या दुष्काळात हरणं पाण्यावर येऊ न्हाईत म्हणून आमच्या बानं हिरीच्या तोंडावर बाभळीचं काटं टाकलं. सकाळी बघतो तर काट्यात तोंड खुपसून हरणी मेलेली. तवापास्नं..."

"ठावं हाय मला. मी वतीन पाणी."

"तुला बघून बुजत्याल ती."

"न्हाई बुजत. तुमी हंगामाला पारगावच्या कारखान्यावर जायचा, तवा कोण वतत व्हतं?"

"धाकला भाऊ वततो, म्हणायचीस तू."

"म्हणायची."

म्हाताऱ्यानं हातातला ऑपरेशनच्या संमतीचा कागद रुक्सानापुढं धरला.

"ताई, सही कुठं करायची, तेवढं दावा."