टणटणीच्या चार फांद्या

आम्ही मूळचे बिबवेवाडीचे, म्हणजे बिबवेवाडी हे गाव होतं तेव्हाचे. आता तिथला पत्ता लोक बँकेसमोर, मेडिकलशेजारी असा सांगतात, आम्ही सांगायचो विहिरीच्या खाली, शाळूच्या पट्टीपाशी. शाळू म्हणजे थंडीतली ज्वारी. कणसात चीक भरायला लागला की भोरड्या यायच्या, थव्यानं, गुलाबी अंगाच्या नि काळ्या डोक्याच्या, आणि शेतात लाकडं रोवून बांधलेल्या माळ्यावर उभं राहून त्यांना हाकलायचं काम माझं, कारण भाऊ रोज शाळेत जायचे आणि मी एक दिवसाआड जायचे. गोफण मला चांगली यायची. हे आधीच सांगते, कारण आता लोक मला पक्षीवाल्या ताई म्हणतात आणि त्यांना वाटतं ही जन्मापासून पाखरांवर प्रेम करत आली. प्रेम कसलं हो, मी त्यांना दगड मारत आले. पण दगड मारायचा तर आधी ऐकावं लागतं, पाखरू कुठल्या अंगानं येतंय ते डोळ्याला दिसायच्या आधी कानाला कळावं लागतं, आणि तो कान मात्र मला त्या माळ्यानं दिला.

शेत गेलं ते वडिलांच्या हयातीतच गेलं, भाऊबंदांनी मिळून दिलं, त्याबद्दल मला काही बोलायचं नाही. मला बुधवार पेठेत काम मिळालं, लाउडस्पीकर दुरुस्त करतात त्या दुकानात, मागच्या खोलीत बसून कॉइल गुंडाळायची. केसासारखी तांब्याची तार, एक वेढा दुसऱ्यावर चढला की स्पीकर खरखरतो, म्हणून मान खाली घालायची, गुंडाळायचं, बोलायचं नाही. मी मुळातच कमी बोलणारी, मला ते बरं पडलं. तीस वर्षं केलं, अजून करते.

एकदा एक गृहस्थ टेपरेकॉर्डर घेऊन आले, कॉलेजात शिकवून रिटायर झालेले. त्यांचं नाव नका लिहू. माझं लिहा, शालन लिहा. तर मालकांनी टेप दुरुस्त करून लावून बघितला आणि आतून पाखरांचे आवाज यायला लागले, आणि मी मागून मान वर न करता म्हटलं, ही भोरडी, हा चंडोल, ही साधी टिटवी नाही हो, ही माळावरची. ते सर काउंटरवरून वाकून आत बघायला लागले, कोण बोललं म्हणाले. मालक म्हणाले, आमची शालन, हिला वाचा आहे हे आम्हालाही आजच कळतंय.

त्या रविवारपासून मी सरांच्या ग्रुपबरोबर जायला लागले. पहाटेची पहिली बस धरायची, कधी नदीकाठ, कधी एखादी बाग, कधी गावाबाहेर उरलेली शाळूची शेवटची पट्टी. थंडी सरायला आली की सगळ्यात मजा, काटेसावर फुललेली असते, तिच्यावर त्याच माझ्या भोरड्या चोची लाल करून बसतात, तांबट टुकटुक सुरू करतो, आणि वीस माणसं माना वर करून उभी. पहिल्या दिवशी मला हसू आवरेना. ज्यांना हाकलून हाकलून माझा घसा बसायचा त्यांना बघायला ही माणसं स्वेटर घालून आलीत. पण महिन्याभरात मीही त्यांच्यातली झाले. सगळे ताई म्हणायचे, डबा वाटून खायचे, खोटं कशाला बोलू, वागवलं चांगलं. फक्त पक्षी मी ऐकायचा, दुर्बीण त्यांनी लावायची आणि ग्रुपच्या वहीत नाव ज्याला दिसला त्याचं पडायचं, ऐकणाऱ्याचं नाही. मला त्याचं काही वाटत नाही असं मी म्हणायचे. वाटायचं. आता बोलायचंच ठरवलंय तर तेही बोलते, वाटायचं.

मग सरांनी नवा कॅमेरा घेतला आणि जुना मला वापरायला दिला.

येरवड्याच्या पलीकडे दगडाची एक बंद पडलेली खाण होती. तिथं बिरूमामा शेळ्या चारायचे. धनगर, माझ्या वडिलांच्या वयाचे नाहीत पण मोठे, मी त्यांना मामा म्हणायचे आणि ते मला पोरी म्हणायचे, त्या वेळी मी चाळिशीला आले होते तरी. आमच्या ग्रुपमधल्या कोणाशी ते बोलायचे नाहीत, माझ्याशी बोलायचे, कारण मी त्यांना पहिल्याच दिवशी विचारलं होतं, मामा, गाभण किती आहेत. त्यांनीच एका रविवारी मला मागं थांबवून सांगितलं, पोरी, तुला एक दावतो, पर गलका न्हाय करायचा. खाणीच्या उभ्या भिंतीत छातीइतक्या उंचीवर एक कपार होती, तिच्या तोंडाशी टणटणीचं, म्हणजे घाणेरीचं झुडूप, आणि झुडपाच्या सावलीत शृंगी घुबडाची दोन पिल्लं, कापसाच्या बोळ्यासारखी. मामा म्हणाले, समदी म्हणत्यात घुबड वंगाळ, मला तर ह्याचा सोबतीसारखा आधार हाय, तीन वर्सं झाली हितंच अंडी घालतंय. मी कुत्री फिरकू देत न्हाय.

एवढ्या विश्वासानं दाखवलं हो त्यांनी.

शिवरात्रीला दुकान बंद होतं. मी एकटीच गेले, कॅमेरा घेऊन. घुबडाची मादी समोरच्या उंच झाडावर बसलेली, पिल्लं कपारीत, आणि मी फोटो काढते तर प्रत्येक फोटोत एक काडी पिल्लाच्या तोंडावरून आडवी. इकडून बघितलं, तिकडून बघितलं, काडी आहेच. माझ्या पिशवीत दुकानाचा वायर कापायचा कटर होता, तो कायमच असतो. मला आठवतंय, मी स्वतःशी म्हटलं, चारच फांद्या, झुडूप काय, पुन्हा येईल. आणि कापल्या. चार. मग काय फोटो आले म्हणता, डोळे शेंदरी, पीसन् पीस मोजून घ्यावं. मी हसत हसत घरी गेले. हे सगळ्यात जास्त सलतं, की मी हसत गेले.

माझी आई म्हणायची, शिवरात्रीला थंडी शिव शिव करत जाते. तशीच गेली. दुसऱ्या दिवसापासून ऊन तापलं, आणि ती कपार पश्चिमेला तोंड करून. घुबडानं ते झुडूप शोभेसाठी निवडलं नव्हतं, हे माळ्यावर पोतं ताणून सावली करून वाढलेल्या बाईला कळायला नको का?

त्या रविवारी आख्खा ग्रुप खाणीत गेला. एक पिल्लू कपारीत वाळून पडलेलं, दुसऱ्याची नुसती पिसं, कावळ्यांनी नेलं असणार. कोणी रडायला लागलं. सर खाली वाकले, कापलेली फांदी उचलली, शेजारी शेळ्यांच्या लेंड्या पडलेल्या, झालं, सर म्हणाले हे त्या धनगराचं काम. दुसरे एक म्हणाले, परवा अमावास्या होती, घुबड म्हटल्यावर आणखी काय पाहिजे. मामांना हाक मारून बोलावलं. ते आले, कपारीत बघितलं, आणि डोक्याचं मुंडासं काढून हातात घेतलं, जसं माणूस गेल्यावर काढतात. सर म्हणाले, का कापलंत हे? मामा म्हणाले, सायब, शेळी टणटणी खात न्हाय. एवढंच म्हणाले. शेळी टणटणी तोंडात धरत नाही हे लहान पोराला माहीत असतं, मला माहीत होतं, त्या वीसजणांत कोणाला माहीत नव्हतं, आणि सर म्हणाले, आम्हाला शिकवू नका.

मग मामांनी ती फांदी सरांच्या हातातून घेतली. कोयत्याचा घाव तिरका बसतो, एका बाजूनं सरळ उतरतो. ही दोन्हीकडून चेपून तुटलेली. त्यांनी त्या टोकावरून अंगठा फिरवला, आणि माझ्याकडे बघितलं. माझ्याकडे नाही, माझ्या पिशवीकडे. आणि फांदी खाली ठेवून शेळ्यांकडे निघून गेले.

मी बोलले नाही. लिहा, असंच लिहा, शालन बोलली नाही.

पुढचं भराभर झालं. सरांनी ग्रुपच्या अंकात लिहिलं की अंधश्रद्धेपायी पिल्लं मारली. अर्ज गेले, आणि खाणीच्या कुंपणाला पाटी लागली, शेळ्यामेंढ्या चारण्यास सक्त मनाई. मामांना शेळ्या घेऊन मोठा रस्ता ओलांडून पलीकडे जावं लागायला लागलं, त्यात त्यांची गाभण शेळी टेम्पोखाली गेली, हे मला बसच्या कंडक्टरकडून कळलं, आणि वर्षभरात त्यांनी उरलेल्या विकल्या. आणि माझा फोटो प्रदर्शनात लागला. खाली माझं नाव, छापील. लोक म्हणायचे, काय स्वच्छ आलाय हो ताई, मध्ये एक काडी नाही! माझ्या आईला घेऊन गेले होते, तिला वाचता येत नव्हतं, तिनं नावावरून बोट फिरवलं आणि विचारलं, ही पिल्लं आता मोठी झाली असतील न्हाय गं? मी हो म्हटलं. आई तेवढंच खरं मानून गेली.

तेरा-चौदा वर्षं मी हे पोटात ठेवलं. रविवारी जायचे, ऐकायचे, सांगायचे, ही धोबी, हा नाचण. खाणीच्या बाजूला जायचं ठरलं की मला ताप यायचा.

गेल्या थंडीत मात्र टाळता आलं नाही. खाणीच्या कडेला आता उंच सोसायट्या झाल्यात, आत जायची वाट एका सोसायटीच्या फाटकातून. आम्ही दुर्बिणी अडकवून फाटकाशी, आणि वॉचमन म्हणतो आत जायाची परवानगी न्हाय. निळा शर्ट, शिट्टी, टोपी, आणि टोपीखाली बिरूमामा. ग्रुपमधल्या एकानंही ओळखलं नाही. सगळे वही दाखवायला ऑफिसात गेले, मी तिथंच उभी. मामा म्हणाले, पोरी, तुझं केस पिकलं की. मला रडूच फुटलं. मी म्हटलं, मामा, त्या फांद्या मी कापल्या. ते म्हणाले, मला ठावं हाय, ती पक्कड काय शेळीच्या दातात व्हती का? मी म्हटलं, मग तेव्हा बोलला का नाहीत? म्हणाले, माझ्या बोलण्यावर कोण इस्वास ठेवनार व्हतं? तुझ्या बोलण्यावर ठेवला असता.

मी वाकून पाया पडायला गेले तर मागं सरले. म्हणाले, हितं फाटकात नगं, आन माझ्याफुडं बी नगं. तुझे सायब जितं बोलले तितं बोल.

पुढच्याच रविवारी, शिवरात्र आठवड्यावर आली होती, मी पुन्हा सगळ्यांना खाणीत घेऊन गेले. म्हटलं, काहीतरी दाखवायचंय. त्या कपारीखाली उभी राहिले, पिशवीतून कटर काढला, आणि तीस वर्षांत बोलले नसेन तेवढं एका दमात बोलले. फोटो कसा आला ते सांगितलं, काडी का नाही ते सांगितलं, शेळी टणटणी खात नाही हेही सांगितलं. कोणी खाली बघायला लागलं, कोणी पाण्याची बाटली उघडायला लागलं. सर आता थकलेत, काठी टेकत येतात. ते म्हणाले, अहो ताई, झालं ते झालं, इतक्या वर्षांनी उकरून काय मिळणार, उगाच ग्रुपचं नाव खराब होईल. मी म्हटलं, ग्रुपला नाव आहे, मला नाव आहे, फोटोखाली छापलंय, त्या माणसाला नाव नव्हतं का? सर म्हणाले, आम्ही पुराव्यावरून बोललो. म्हटलं, सर, पुरावा तुमच्या हातात होता, त्याला अंगठा लावून बघणारा माणूस एकच होता, आणि त्यालाच तुम्ही शिकवू नका म्हणालात. एक बाई म्हणाल्या, अंकात छोटासा खुलासा देऊ की, आतल्या पानात. मी म्हटलं, आरोप पहिल्या पानावर होता.

आतल्या पानातही आला नाही, ते जाऊ द्या.

पाटी तिथंच होती, कुंपणाच्या तारेला चार कोपऱ्यांत बांधलेली, गंजलेली. मी गेले आणि कटर लावला. सर म्हणाले, शालनताई, ही सरकारी मालमत्ता आहे. त्यांनी मला नावानं हाक मारलेली ती पहिली वेळ. मी म्हटलं, मग सरकारला सांगा, माझं नाव तुम्हाला ठाऊक आहेच. चार फांद्या कापल्या होत्या, चार तारा कापल्या. पाटी काखोटीला मारून, सगळ्यांच्या समोरून, त्या सोसायटीच्या फाटकातून बाहेर पडले. मामांनी बघितलं. म्हणाले, आता काय उपेग पोरी, शेळ्या कुठं हायत? मी म्हटलं, नसू द्यात, पाटीपण नसू दे. ते हसले नाहीत. शिट्टी वाजवून एक गाडी आत घेतली, आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाले, च्या पिऊन जा.

ग्रुपमधून मला आता निरोप येत नाहीत. फोटो मी परत मागितला, दिला नाही, तर मी तो जिथं जिथं लागलाय तिथं जाऊन सांगते, बघा, आणि मग कपारीवर पडलेलं ऊन बघा. तिघी-चौघी येतात अजून माझ्याबरोबर रविवारी, तुम्ही आलात तशा. आधी ही गोष्ट ऐकायची, मग पक्षी. घरटं मी कोणाला दाखवत नाही, मला ऐकू येतं, कुठं आहे ते कळतं, पण दाखवत नाही. रागावून गेले बरेच. जाऊ देत.

पाटी माझ्या घरी गच्चीवर आहे, पाण्याच्या पिंपावर झाकण म्हणून, अक्षरं खाली करून. चिमण्या येऊन बसतात तिच्यावर. ज्याला परत हवी असेल त्यानं यावं, बुधवारात स्पीकरच्या दुकानात शालन म्हणून विचारावं, कोणीही सांगेल. चहा देईन. पाटी देणार नाही.