उसवलेल्या टिपा

हॅलो?… हो, हो, मीच. अगं मीच बोलतेय, आज सुट्टी आहे मला, दुसरं कोण असणार या घरात दुपारी?… पार्सल मिळालं का?… मिळालं! चला, सुटले. ड्रेस नीट आला ना? चुरगळला नाही ना?

थांब हं छोटे, एक मिनिट. खिडकी लावून घेते.

हां, बोल. अगं समोरच्या काकू भांडी घासायला बसल्यात. हात भांड्यात आणि कान आमच्या घरात… नाही गं, लपवण्यासारखं काय असणार? मी आपली सवयीनं लावली… बरं, ते जाऊ दे. त्या ड्रेसच्या मापानं शीव. तूच शिवलेला आहे, तुझंच माप. तुझ्या चिऊच्या लग्नात मावशीनं काय घालायचं ते मावशीच्या बहिणीनं ठरवावं. रंग कोणताही चालेल. फार भडक नको, एवढंच.

काय?… कसली भोकं?

बाजूच्या शिलाईला?… उंदीर लागला असेल… ओळीत? उंदीर काय पट्टी लावून कुरतडतो का, हे बरं विचारलंस. मग सुईची असतील. नवीन कपड्याला असतातच की… हो, तीन वर्षं झाली, मान्य.

अगं ऐक ना. ऐक तरी. खालच्या मजल्यावरच्या मुलीला दिला होता घालायला. तिच्या कॉलेजात काहीतरी कार्यक्रम होता. बारीक आहे ती, चवळीची शेंग नुसती. तिच्यासाठी आत घेतला होता आणि मग उसवला. झालं समाधान?… दोन ओळी?… म्हणजे?… एकदा घेतला, मग आणखी आत घेतला… हो ना, ती आणखी बारीक झाली असेल… महिन्याभरात? असेल बाई, हल्लीच्या मुली काही खातात का?

छोटे, तू कपडे शिवतेस की पोलिसात आहेस?

हसतेय कुठे मी… नाही हसत. बरं. मीच आत घेतला. माझ्यासाठी. बारीक झाले होते थोडी. चालायला जायचे, भात बंद केला होता… हो, याच वयात करायचं असतं… अगं, साखरपुड्याला आले नाही त्याचा याच्याशी काय संबंध? मालकांनी सुट्टी दिली नाही, सांगितलं होतं ना तुला. चष्म्याचं दुकान आहे, शाळा सुरू व्हायचे दिवस, पोरांची रांग लागलेली…

तू दुकानात फोन केला होतास?

कधी?… आणि आत्ता सांगतेस?… काय म्हणाले मालक?… "त्या बऱ्याच दिवसांपासून रजेवर आहेत." असं म्हणाले… आणि तू तेव्हापासून गप्प. मला वाटलं, साखरपुड्याला आले नाही म्हणून फुरंगटलीस. मी आपली मनात म्हणते, बरंच झालं, फुगून बसली तर बसू दे, निदान प्रश्न तरी विचारत नाही.

नाही गं… रडत नाहीये. थांब.

थांब जरा.

हं. बसले. ऐक आता. मधे मधे हुंकार दे फक्त, बोलू नकोस, नाहीतर माझ्याच्यानं सांगून होणार नाही.

खोकला होता. आठवतं, फोनवर तू म्हणायचीस, ताई, किती खोकतेस? मी म्हणायचे, धुळीचा आहे. दोन बाटल्या औषध प्याले मेडिकलमधून आणून. संध्याकाळी अंग तापायचं. रात्री उशी घामानं ओली. हे म्हणायचे, दाखवून ये. मी म्हणायचे, दाखवते, दाखवते. आणि खिडक्या लावून घ्यायचे… का म्हणजे? काकूंना खोकला ऐकू जाऊ नये म्हणून. आमच्या घरात माणसाला कोंडून मी खोकत होते, छोटे. नवऱ्याला. नंतर त्या दवाखान्यातल्या बाईनं सांगितलं, अहो, याच्यात खिडक्याच तर उघड्या ठेवायच्या असतात! मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं… ह्यांची तपासणी केली ना. लगेच केली. काही नाही निघालं. मालकांची, काउंटरवरच्या मुलीची, सगळ्यांची केली. नाही निघालं कुणाला. पण त्या मुलीच्या तपासणीचं कळेपर्यंत मला घास गेला नाही. बाविशीची पोर, शेजारी बसून माझ्याच डब्यात खायची.

हो, तेच. तोच आजार. दोन अक्षरांचा… नाही, म्हणत नाही मी. तुला कळलं ना? मग झालं.

डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरला छातीचा आणि तो शब्द उच्चारला. त्यानंतर ते काय काय बोलले, माझ्या कानात शिरलंच नाही. गोळ्यांनी लघवी लाल होईल, घाबरू नका, असं सांगितलं होतं म्हणे. मला कुठलं ऐकू आलंय! दुसऱ्या दिवशी मोरीत ते पाहिलं आणि अशी किंचाळले की हे अर्धी दाढी झालेली, तसेच धावत आले… हस, हस. आता हसायला येतं. तेव्हा मला वाटलं, संपलं सगळं.

मळमळायचं गं. गोळ्या पोटात गेल्या की अन्नाचा वास नको व्हायचा. आणि पुढे भूक लागायला लागली तर तिचीही लाज! हे उकडलेली अंडी सोलून पुढ्यात ठेवायचे आणि मी दार लावून खायचे, चोरासारखी.

ती दवाखान्यातली बाई यायची ना गोळ्या घेतल्या की नाही बघायला, तिला मी हात जोडून म्हटलं, गाडी मागच्या गल्लीत लावत जा. काकूंनी विचारलंच, कोण हो ही? मी म्हटलं, विमेवाली. तर काकूंनी तिला जिन्यात गाठली, आमच्या ह्यांची पण पॉलिसी काढा म्हणाल्या!… अगं खरंच. आणि ती बिचारी इतकी सज्जन, की हप्ता किती पडेल ते बघून सांगते म्हणाली. माझ्यासाठी त्या बाईला खोटं बोलावं लागलं.

झाल्या, गोळ्या पूर्ण झाल्या. सहा महिने. मागच्याच आठवड्यात शेवटचा रिपोर्ट आला… स्वच्छ. बरी आहे मी. डॉक्टर म्हणाले, बऱ्या झालात, विसरून जा. गोळ्या लागू पडल्यावर लोकांत मिसळायलाही हरकत नव्हती म्हणे. ते म्हणतात गं. मला जमत नाही.

म्हणजे, कपावर नेलपॉलिशची खूण केलीय मी माझ्या… मीच केली, कुणी सांगितलं नव्हतं. ह्यांना त्याचा राग. मुद्दाम त्याच कपातून चहा पितात. पण खूण पुसवत नाही मला. दुकानात परत जायला लागले तर मालकांनी आत बसवलंय, काचा घासायच्या मशीनवर. "तुम्हालाच आराम," म्हणाले. मी चष्मे बसवणारी बाई, छोटे. लोकांच्या नाकाशी नाक लावून आयुष्य गेलं. परवा एक आजोबा थेट आत आले, म्हणाले, बाई, दांडी तुम्हीच वाकवून द्या, कानामागे टोचतेय. मी वाकले त्यांच्याजवळ आणि श्वास रोखून धरला. काम होईपर्यंत. नंतर डोळ्यांपुढे काजवे चमकले. अशीच करते हल्ली. कुणी जवळ आलं की श्वास रोखते.

लाज वाटते गं. भीती गेली, खोकला गेला, लाज जात नाही. काय केलंय मी, चोरी केलीय का? ठाऊक आहे, नाही केली. तरी वाटते.

म्हणून म्हणते, लग्नाला सकाळी येईन, संध्याकाळच्या गाडीनं परत. मागे कुठेतरी बसेन… आठ दिवस आधी नको गं. रात्री तुझ्या शेजारी झोपायचं, चिऊला जवळ घ्यायचं… तिच्या सासरच्यांना कळलं तर? लेकीच्या लग्नात तुझ्या कपाळी हे नको. आणि आईला यातलं काही सांगू नकोस, माझ्या गळ्याची शपथ.

काय?

कुणी ओळखलं?… आईनं?… तिला तर दिसत नाही धड… बोटांनी? शिलाईवरून बोट फिरवून?

काय म्हणाली?… "ही वाळली होती, आता परत भरलीय. मधे काय झालं ते विचार तिला."

देवा. आणि मी उसवल्यावर पाण्याचा हात फिरवला, नखानं घासलं, वरून इस्त्री मारली. कोंबडं झाकून ठेवायला निघाले होते मी. लहानपणी एक टीप चुकली की काय म्हणायची आठवतं? उसवलेली टीप डोळ्यांना दिसली नाही तरी हाताला लागते. तिच्याच मशीनवर शिकले आणि तिलाच…

नको, नको! फोन देऊ नकोस तिला. छोटे, ऐक ना. मी तोंड कसं… छोटे?

…हॅलो, आई.

हो, मीच… बरी आहे. बरी आहे!… अगं कानातलं यंत्र लाव ना… बॅटरी संपलीय? आजच बरी संपली… काही नाही. आजारी होते थोडी. आजारी!… छातीचं… छातीचं गं!… नाही, हृदय नाही! हृदय चांगलंय माझं!… ताप नाही… म्हणजे ताप होता, पण… तो आजार. तो… तो गं… आई, छोटीला दे ना, ती सांगेल… तुझ्याच तोंडून ऐकायचंय म्हणजे काय? मी काय आता बोंबलून सांगू?

टीबी! टीबी झाला होता मला, आई! टीबी!

…

आई?… आहेस ना?

हो… झाले. पूर्ण बरी झाले… गोळ्या? सगळ्या घेतल्या. एकही चुकवली नाही… हे? ह्यांनी फार केलं. फार केलं माझं… काय?… खिडकी? नाही, लावलीय… उघडते. हो, आत्ता उघडते, ओरडू नकोस.

…उघडली. काकू उभ्याच आहेत समोर, हातात ओलं पातेलं घेऊन… काकू, ऐकलंत ना?… हो, तेच. आता बरी आहे… नाही हो, विमेवाली नव्हती ती. दवाखान्यातली होती… हो, सावकाश सांगते सगळं. आईचा फोन आहे.

बोल, आई. माप? टेप आहे ना, सांगते लगेच. खरं माप सांगते आता, छाती लिही… का?… फोनवरचं माप नको?… अंगावर घेणार? कोण, तू?

पण आई, फार जवळ यावं लागेल तुला… हो, तूच शिकवलंस माप घ्यायला, माहितीये मला. पण अगदी छातीशी येऊन… आई, तुला नाही का गं काही वाटणार?

…

बरं. येते… नाही, आठ दिवस आधी नाही. परवाच येते. चार दिवस राहते, मग लग्नाला पुन्हा… हो, तुझ्याच खोलीत. हो, तुझ्याच पलंगावर.

हात वर करून उभी राहीन… काय?… तेच, लहानपणीचंच? पोट आत ओढायचं नाही…

…आणि श्वास रोखायचा नाही.

नाही रोखणार, आई. नाही रोखणार. भरून घेईन, पूर्ण, तुझी टेप ताणली जाईपर्यंत… काय? ऐकू नाही आलं?… म्हटलं, भरून घेईन श्वास!… हॅलो?… आई?

ठेवला.