रंगवलेल्या अंड्यांचा रस्सा

माझ्या पहिल्या ईस्टरच्या टेबलाचं काय झालं, ते सांगितलं का तुम्हाला? लग्न नवीन होतं आणि धुळ्याहून सासूबाई पहिल्यांदाच आमच्या जळगावच्या घरी जेवायला येणार होत्या. मी टेबलावर पांढरी चादर घातली, मधोमध फुलांचं कडं केलं आणि त्यात उकडून रंगवलेली अंडी मांडली. चर्चला जाताना शेजारच्या अक्कांना किल्ली दिली. म्हटलं, "मांजर शिरतं हो, जरा लक्ष ठेवा."

सासूबाईंना घेऊन परत आले, तर कड्यात एकही अंडं नाही! अक्का स्वयंपाकघरातून हसतच बाहेर आल्या. "गल्लीना पोरेसनी बठ्ठा अंडासले होळीना रंग फासी टाका व्हता, बाई. मी सोलीसन झणझणीत रस्सा करी टाका!"

होळी नुकतीच झालेली, त्यांचं तरी काय चुकलं? पण मला रडूच फुटलं. सासूबाई तडक आत गेल्या. मला वाटलं, झालं, रागावल्या. तर त्या रश्शाचं पातेलं घेऊन आल्या, ते फुलांच्या कड्यात ठेवलं आणि म्हणाल्या, "हं, आता सजलं टेबल! ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ संपला, अक्का. तुम्हीही बसा आणि मला तर्री सढळ हातानं वाढा."