सासूबाईंच्या वतीने कर्णधारांना एक प्रश्न

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावर विराजमान असलेले आपल्या बास्केटबॉल संघाचे मालक, प्रशिक्षक, आदरणीय कर्णधार, आणि समोर बसलेल्या माझ्या समदुःखी प्रेक्षक बंधू-भगिनींनो,

आधी एक खुलासा करते. आज ज्यांचा ‘सर्वांत निष्ठावान चाहत्या’ म्हणून सत्कार आहे त्या मी नव्हे, माझ्या सासूबाई. निवेदकांनी मघाशी त्यांच्या न येण्याचं कारण तब्येत म्हणून सांगितलं, ते त्यांनी मनानेच सांगितलं. आईंची तब्येत ठणठणीत आहे. त्या चिडल्या आहेत, म्हणून आल्या नाहीत. सून या नात्याने मला पाठवलंय, आणि दोन शब्द बोलायची परवानगी अध्यक्षांनी दिलीच आहे, तेव्हा आता पस्तावू नका.

मानपत्र फार सुरेख लिहिलंय. त्यात ओळीओळीला ‘संयम’ आहे. पराभवातही न ढळणारा संयम, तरुणांनी आदर्श घ्यावा असा संयम. अहो, कुणाचा संयम? चहा जरा निवला तर घर डोक्यावर घेणारी बाई आहे ती! आणि मुळात संघ तुमचा हरतो, तर कौतुक आमच्या संयमाचं कशाला? डॉक्टरांनी औषध द्यायचं सोडून, पेशंट किती छान कण्हतोय म्हणून टाळ्या वाजवाव्यात, तसं झालं हे.

हरण्याबद्दल आमची तक्रार नाही. हरणं आम्ही पुष्कळ पाहिलंय. सासरे होते तेव्हापासून आई येतात. ते गेले आणि त्यांच्या खुर्चीवर मी बसायला लागले. आमचं दोघींचं, खरं सांगायचं तर, फारसं पटत नाही. भाजीतलं मीठ, पडद्यांचा रंग, मुलांचा अभ्यास, कशावरूनही वाजतं. पण सामना शेवटच्या मिनिटात अटीतटीचा झाला की त्या माझं मनगट असं काही धरतात की दुसऱ्या दिवशी वळ दिसतात. एरवी पाठीवरून हातसुद्धा फिरवत नाहीत. या मोसमात त्यांनी एकदाही माझं मनगट धरलं नाही. धरणार कशाला? सामना मध्यंतरालाच संपलेला असतो.

तो संपवतं कोण, हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे, बोलत कुणी नाही. मी बोलते. जो संघ तळाला राहतो त्याला पुढच्या मोसमात नवा खेळाडू निवडायचा पहिला मान मिळतो. म्हणून आपल्या संघाने तळ गाठायचा चंग बांधला. कर्णधारांचा गुडघा अचानक दुखायला लागला आणि ते बाकावर बसले. आम्ही हळहळलो. आईंचे स्वतःचे दोन्ही गुडघे कामातून गेलेत. कठड्याला धरून, पायरीपायरीला थांबत त्या आमच्या वरच्या रांगेपर्यंत चढतात. त्यांना तर फारच वाईट वाटलं. आणि गेल्या सामन्यात मध्यंतराला आम्ही काय पाहिलं? जाहिरातदारांच्या मुलांबरोबर फोटो काढायचे म्हणून हेच कर्णधार धावत आले, उडी मारली आणि रिंगला लोंबकळले! वर पाय हलवून दाखवले! आई उठल्या. म्हणाल्या, “चल घरी. याचे गुडघे माझ्यापेक्षा बरे आहेत.”

हसू नका हो. मला संताप येतो याचा.

मालकसाहेब मघाशी म्हणाले, तीन वर्षांची योजना आहे, धीर धरा. हेच ते टीव्हीवरही म्हणाले होते, तेव्हा आई भाजी निवडत होत्या. मान वर न करता मला म्हणाल्या, “सूनबाई, मी ब्याऐंशीची आहे. माझी वर्षं यांनी कुणाला विचारून खर्चायला काढली?”  मालकसाहेब, याचं उत्तर तुम्हीच द्या.

उद्या मोसमातला शेवटचा सामना. पुढच्या मोसमाची तिकिटं काढायची नाहीत असं आईंनी सांगून टाकलंय. उद्यासुद्धा येतील की नाही, शंकाच आहे. त्या आल्या नाहीत तर मी एकटी येऊन काय करू? आणि इथे यायचं थांबलं, तर आम्हा दोघींना भांडणापलीकडे बोलायला काही उरत नाही. हे मी घरी कधी बोललेली नाही. तुमच्यासमोर बोलून गेले.

सत्काराची ही ढाल मी नेत नाही. ती टेबलावरच राहू दे. जिंकून दाखवा असंही आईंचं म्हणणं नाही. त्यांनी कर्णधारांना एवढंच विचारायला सांगितलंय, “उद्या खेळणार का?”

कर्णधार, मालकांकडे बघू नका. प्रश्न तुम्हाला आहे.

अध्यक्षांनी बोलू दिलं, आपण सर्वांनी ऐकून घेतलं, त्याबद्दल मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर मला लहान समजून पोटात घाला. पण मी खाली बसत नाही. आई दाराशी खुर्ची टाकून बसल्या असतील आणि मला घरी उत्तर न्यायचंय.

हा घ्या माईक.