खंडेनवमीचा आळ

आदरणीय अध्यक्षमहोदय, संस्थेचे चिटणीस माननीय आदिनाथराव, मुख्याध्यापक, सहकारी, कार्ल्याहून आलेले ग्रामस्थ आणि ज्यांच्यासाठी आपण जमलो त्या आमच्या नंदाबाई,

मी इथे संगणक शिकवते. आज निवृत्त होणाऱ्या आमच्या शिपाई नंदाबाईंबद्दल मला चार गोड शब्द बोलायला सांगितलंय. बोललेही असते. पण आत्ताच आदिनाथरावांनी विनोद केला, की नंदाबाईंच्या हळदीकुंकवाने लॅब बंद पाडली होती, आणि सभागृह हसलं. मला राग आलाय, आणि तो मी गिळणार नाही.

झालं काय, ते ऐका. दोन वर्षांपूर्वी खंडेनवमीला नंदाबाईंनी लॅबच्या मुख्य संगणकाची पूजा केली. पूजेतल्या हत्याराला दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही, हे मावळात शेंबड्या पोरालाही कळतं. दसऱ्यानंतर शाळा उघडली, तर मशीनवर नुसता काळा पडदा. लगेच ठरलं, कुंकू आत गेलं.

अहो, कुंकवाला हार्ड डिस्कचे कप्पे कळतात का? मी पेनड्राइव्हवरून मशीन चालू केलं, तर डिस्कचा एक कप्पाच उडवलेला. बूट लोडर म्हणजे सिस्टीमला उठवणारा प्रोग्राम, त्याच्या फायली नेमक्या त्यात होत्या. कप्पा परत मिळवला, बूट लोडर नव्याने बसवला, मशीन सुरू झालं. कुंकू पुसायला फडकंसुद्धा लागलं नाही.

पूजेनंतर लॅबची किल्ली आदिनाथरावांनी मागून घेतली होती. वर्धापनदिनाचे व्हिडिओ भरायला त्यांना जागा हवी होती. त्यांनीच मला सांगितलं, "तो भाग रिकामा दिसला, काढून टाकला. आता कशाला बोभाटा?" मी मुख्याध्यापकांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, योग्य वेळी बोलू. सर, ती वेळ कधी येणार होती?

तोवर नंदाबाईंना लॅबची पायरी बंद झाली. पुढच्या खंडेनवमीला त्या तबक घेऊन दाराबाहेर उभ्या, आणि आत पूजा दुसऱ्याच्या हातून. मला एवढंच म्हणाल्या, "मॅडम, म्या लय जपून लावलं व्हतं वो. आता माज्या सुनंला बी खरं वाटत न्हाई."

कार्यक्रम घडवून आणणाऱ्या सगळ्यांचे आभार. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल, तर नंदाबाई, तुम्ही पोटात घाला. इतरांची माफी मी मागत नाही. आदिनाथराव, शाल तुमच्या हातून द्यायची ठरली आहे. त्याआधी हा माइक घ्या आणि कप्पा कोणी उडवला ते सांगा. नंदाबाईंची सून पहिल्या रांगेत बसली आहे.